पडवीतल्या सात बाटल्या आणि घरच्या बागेतली ‘औषधं’

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सासरे गेल्यावर गुहागरकडचं घर आवरायला घेतलंत, तेव्हा पडवीतल्या फळीवर सात बाटल्या सापडल्या. त्यातल्या दोन बाटल्यांवर लेबल नाही. सासूबाई म्हणतात, “जुनी झाली ती, आता कसली ताकद राहिलीय त्यात! माडाच्या आळ्यात ओतून टाक.” जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण आलाय, त्याला यातलं काही चालेल का, हे तुम्हाला हवंय. घरात चार वर्षांचा मुलगा आहे आणि विहीर वीस पावलांवर आहे.

आधी उत्तर देतो, कारणं मग. काही ओतू नका, काही वापरू नका आणि ओळखण्यासाठी म्हणून झाकण उघडून हुंगू तर मुळीच नका.

मी कृषी खात्यात तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक दापोली, गुहागर, चिपळूण या पट्ट्यात. आंबा-काजूच्या बागांचं सोडा, तिथे निदान फवारणारा माणूस ठरलेला असतो. घरच्या परसात मी जे पाहिलं त्यात फवारताना बाधा झालेले थोडे, बाटलीपाशी फसलेले जास्त. म्हणजे उघडताना, मोजताना, उरलेलं दुसरीकडे ओतून ठेवताना आणि वर्षानुवर्षं फळीवर विसरताना. बाटलीतला अर्क आणि पंपातलं पाणी यांत शंभर ते हजारपट अंतर असतं. पंपातलं अंगावर उडालं तर आपण घाबरून अंघोळ करतो, आणि अर्काचा थेंब बोटाला लागला तर लुंगीला पुसतो.

माझीच गोष्ट सांगतो. नोकरीला चार-पाच वर्षं झाली असतील. शेजाऱ्याला गडग्यालगतचं तण जाळायला थोडं पॅराक्वाट हवं होतं. शिबिरांतून “दुसऱ्या बाटलीत ओतू नका” असं लोकांना सांगणारा मी. पण घरात कोकमाच्या आगळाची रिकामी बाटली दिसली, धुतली आणि त्यात पावभर ओतून ठेवली. संध्याकाळी येऊन नेईल म्हणाला होता, तो आला नाही. दुसऱ्या दिवशी कोणीतरी आवराआवरीत ती बाटली उचलून फडताळात बाकीच्या आगळाच्या बाटल्यांशेजारी लावली. दुपारी पुतण्या उन्हातून आला. आईने बाटली काढली, स्टीलच्या पेल्यात दोन बोटं ओतलं, साखर घातली आणि पाण्यासाठी तांब्या उचलला. आईला मोतीबिंदू होता, रंग काही कळला नाही, पण नाक शाबूत होतं. “हे काय ठेवलंयस रे? याला आमसुलाचा वास नाही.” पेला तिथेच राहिला. मी घरी आलो तेव्हा तो ओट्यावर होता, तळाशी साखर न विरघळलेली, वर हिरवट काळं पाणी. त्या दिवसापासून आमच्याकडे आगळाची बाटली रिकामी झाली की आधी तिचं लेबल फाडून ती मोडीत जाते.

पॅराक्वाटवर उतारा नाही. २४ टक्क्यांचा अर्क घोटभर पोटात गेला तरी जीव जाऊ शकतो. वाईट म्हणजे सुरुवातीला फक्त तोंड-घसा पोळतो, उलट्या होतात आणि मग माणूस बरा दिसू लागतो. घरचे म्हणतात, वाचला. दोन-चार दिवसांनी मूत्रपिंड आणि मग फुप्फुसं निकामी होत जातात. म्हणून ‘तणाचं’ पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी माणूस चालता-बोलता आहे एवढ्यावर घरी थांबायचं नाही.

आपल्या भाषेनेही यात हातभार लावलाय. आपण कीटकनाशकाला सरळ ‘औषध’ म्हणतो. आंब्याला औषध मारलं, वांग्याला औषध आणलं. चार वर्षांच्या पोराला आपण खोकल्याचं औषध चमच्याने पाजतो आणि फळीवरच्या बाटलीकडे बोट दाखवूनही ‘औषध आहे ते’ म्हणतो. त्याने फरक कसा करायचा? घरात त्याला ‘विष’ म्हणायची सवय लावा. ऐकायला वाईट वाटतं, वाटू दे.

२०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं होतं. विष खाण्याच्या वस्तूत मिसळण्यातून काय होऊ शकतं याचं इतकं भयानक उदाहरण दुसरं मला ठाऊक नाही.

आता तुमच्या सात बाटल्या. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून जमतं तेवढं सांगतो.

पहिली, अर्धं लेबल असलेली, ‘३६ टक्के एसएल’ (म्हणजे पाण्यात विरघळणारं द्रव) वाचता येतंय ती. खाली लाल रंगाचा चौकोन आणि वर कवटी आहे म्हणता, तर ती बहुधा मोनोक्रोटोफॉसच. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५ पासूनच बंदी आहे आणि ३६ टक्के एसएलवर केंद्राने २०२३ मध्ये बंदीचा आदेश काढला. तुमच्या सासऱ्यांनी ते माडासाठी किंवा काजूवरच्या ढेकण्यासाठी आणलं असेल, तेव्हा सगळेच आणायचे. आता परसात त्याचं काहीही काम नाही.

त्या रंगीत चौकोनाबद्दल दोन शब्द, कारण कोनावर उभा केलेला हा चौकोन पाहतात सगळे आणि वाचत कोणी नाही. लाल म्हणजे अतितीव्र विष, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. प्रयोगातल्या प्राण्यांना तोंडावाटे किती मिलिग्रॅम दिल्यावर त्यातले निम्मे मरतात यावरून हे रंग ठरतात. दर किलो वजनाला ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. पण यातली मेख अशी की वर सांगितलेलं पॅराक्वाट पिवळ्यात बसतं. दुकानदार म्हणतो, “लाल नाही हो, पिवळंच आहे.” रंग हा उंदराचा हिशोब आहे, उतारा आहे की नाही हे त्यात येत नाही. हिरव्या चौकोनाचं द्रव्य डोळ्यात गेलं तर डोळा पोळणार नाही असंही त्यात कुठे म्हटलेलं नाही.

दुसरी, सायपरमेथ्रिन २५ ईसी. ईसी म्हणजे तेलकट द्रावकात विरघळवलेलं, पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं. नेमकं हेच दुधासारखं पाणी वाटीत राहिलेलं मांजर पितं. आणि यातला द्रावकच अर्धा धोका असतो. पोटात गेल्यावर उलटी करवली आणि थेंबभर श्वासनलिकेत उतरला, तर त्या द्रावकाने फुप्फुसाला सूज येते. म्हणून मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय इथे उलटतो.

तिसरी, जिच्यावर निळ्या पेनाने ‘तणाचं’ एवढंच लिहिलंय. पॅराक्वाट असेल किंवा ग्लायफोसेट. दोन्ही सारखी नाहीत, पण ओळखता येत नाही तोवर ती पॅराक्वाटच आहे असं धरून चाला. ग्लायफोसेट असलं तरी ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या आदेशाने ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच वापरायचं ठरलंय.

चौथा, निळ्या खड्यांचा डबा, तो मोरचूद. सुपारीच्या कोळे रोगासाठी पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण मारतात त्यातला. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. हा एकच डबा मला त्यातल्या त्यात ओळखीचा वाटतो, पण मुलांना निळे खडे फार आवडतात. खडीसाखरेसारखेच दिसतात, आणि पोटात गेले तर उलट्या होतात, रक्तपेशी फुटतात. वर ठेवा, कुलपात ठेवा. आगरात सुपारी असेल तर कामाला येईल.

पाचवी, फुगलेली पांढरी प्लास्टिकची, ‘पेरॉक्साइड’ लिहिलेली. हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू आपोआप फुटून पाणी आणि प्राणवायू होतं, उन्हात आणि मळ पडल्यावर जास्त भराभर. मूळ बाटलीच्या झाकणाला वायू निघायला बारीक वाट असते. आपण घट्ट बुचाच्या बाटलीत भरतो आणि कौलाखाली ठेवतो. मे महिन्यात कौलाखाली काय तापतं ते तुम्हाला सांगायला नको. फुगलेली बाटली तोंडासमोर धरून उघडायची नाही. चष्मा लावून, तोंड पलीकडे करून, अंगणात, झाकण पाव फेरा सैल करायचं आणि बाजूला व्हायचं. हे एवढं एकच झाकण तुम्ही उघडायचं आहे.

सहावी कडुनिंबाच्या तेलाची, तिच्याकडे नंतर येतो. सातवी कोल्ड्रिंकच्या बाटलीतलं बिनलेबलाचं पाण्यासारखं द्रव. ते काय आहे हे मलाच काय, कोणालाच सांगता येणार नाही. ॲसिड असेल, असेलही फिनेल पातळ केलेलं, काहीही. ती सगळ्यात धोक्याची.

सासूबाईंच्या “ताकद राहिली नाही” वर आता थांबतो, कारण ही समजूत गावोगाव आहे. जुनं कीटकनाशक किडीवर कमी चालतं हे खरं. माणसाला कमी बाधतं हे मात्र खरं नाही. १९७६ साली पाकिस्तानात हिवतापाच्या मोहिमेत मॅलाथिऑन फवारणारे सुमारे २,८०० कामगार आजारी पडले आणि पाच जण दगावले. साठवणुकीत त्यातल्या काही मालात आयसोमॅलाथिऑन तयार झालं होतं. शरीरात मॅलाथिऑन मोडून निरुपद्रवी करणारी जी व्यवस्था आहे तीच ते बंद पाडतं. मॅलाथिऑन तसं सौम्य समजलं जातं, आणि तेच उष्ण जागी पडून विषारी झालं. शिवाय जुन्या ईसीत थर वेगळे होतात. वरचं पहिलं माप पाणचट, तळाचं शेवटचं माप दुप्पट कडक. आपल्याकडची दमट हवा आणखी काही करते. लेबलं सुटतात, पत्र्याची झाकणं गंजतात आणि बुचाभोवती पिवळी खपली धरते. ती खपली म्हणजे सुकलेला अर्कच असतो आणि आपण ती नखाने काढतो.

उंदरांसाठीच्या झिंक फॉस्फाइडची काळी पुडी कुठे सापडली तर तिला ओलसुद्धा लागू देऊ नका. ओल आणि आम्ल मिळालं की फॉस्फिन वायू सुटतो, लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो. तो वास आला की खिडक्या उघडून बाहेर.

विहिरीचं. आपला जांभा म्हणजे भोकांचा दगड. चिकणमातीत ओतलेलं विष काही काळ तिथे अडकतं, जांभ्यातून पहिल्या पावसाबरोबर वाट काढतं. माडाच्या आळ्यात ओतलेलं कुठे जाईल याचा नेम नाही, पण उतार विहिरीकडे आहे एवढं तुम्हीच लिहिलंय. पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, ओतायचं तर विचारूच नका. सायपरमेथ्रिनच्या वर्गातली रसायनं माशांना अतिशय विषारी असतात, पाण्यात अगदी थोडी असली तरी पुरतात. खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्याने हे करू नये. जाळूही नका, भाजावळीत प्लास्टिकबरोबर तर नकोच. धूर घरातच येतो.

मग करायचं काय? जाड रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला, कापडी नाही, कापड अर्क शोषून हाताशी धरून ठेवतं. मूळ बाटल्या उभ्याच एका प्लास्टिकच्या बादलीत ठेवा, मध्ये कोरडी माती किंवा राख भरा म्हणजे गळलं तर तिथेच राहील. पेरॉक्साइड मात्र या बादलीत नको, ते वेगळं, सावलीत. बादलीला झाकण, त्यावर ठळक ‘विष, उघडू नये’. गोठा किंवा खोपीत, कुलपात, गुरांच्या पेंडीपासून लांब. बाटल्या पुसू नका, अर्धं लेबलही कामाचं असतं. फोनवर प्रत्येकीचा फोटो काढून ठेवा. कीटकनाशकांचे डबे २०१६ च्या घनकचरा नियमांत ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून धरले होते, ते गोळा करायची जबाबदारी स्थानिक संस्थेची. ग्रामपंचायतीत विचारलंत तर बहुधा तुमच्याकडे बघतच राहतील. मग तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या. मी या कामासाठी खेटे घातलेले लोक पाहिलेत, तुम्हालाही घालावे लागतील. तोवर बादली कुलपात.

आता नव्याने कधी बाटली आणलीच, तर उघडायच्या त्या अर्ध्या मिनिटाबद्दल. झाकण काढल्यावर खाली चांदीचं सील असतं. माणसं ते सुरीच्या टोकाने भोसकतात, काही महाभाग दाताने ओढतात. बाटली काठोकाठ भरलेली, दुसऱ्या हाताची पकड घट्ट, त्यामुळे सील फुटताच बारीक चिळकांडी थेट चेहऱ्याकडे. बाटली दाबायची नाही, जमिनीवर सपाट ठेवायची, सीलचा काठ कडेने उचलायचा. ओतताना बाटली सावकाश तिरकी करायची, म्हणजे हवा आत शिरत राहते. एकदम उलटी केली की ‘घळघळ’ करून उसळी मारते आणि २ मिलीच्या जागी १० मिली पडतं. झाकणाने मोजू नका, झाकण हे माप नव्हे. सुईविना सिरिंज ठेवा, तीही त्याच कामाची आणि कुलपातच. घरची बाग म्हणजे एक लिटर द्रावण पुष्कळ झालं, दोन लिटर करून उरलेलं ‘उद्यासाठी’ ठेवणं हीच सगळ्या घोळाची सुरुवात. आणि काच पुसायच्या पाण्याची रिकामी फवारा बाटली वापरू नका. आज त्यात कीटकनाशक आणि दिवाळीला त्यातच काच पुसायचं पाणी, असं मी प्रत्यक्ष पाहिलंय.

वेळ सकाळची. दहा-अकरानंतर खारे वारे सुरू होतात, समुद्राकडून घरात येतात आणि फवाराही सोबत आणतात. वाऱ्याकडे पाठ, तोंडात पान-तंबाखू नाही. कापडी मास्कने वाफ अडत नाही. २०१७ मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारणाऱ्या वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचा जीव गेला, तेव्हा लोकांना त्वचेतून आणि श्वासातून विष जातं हे पहिल्यांदा खरं वाटलं. तोवर सगळे पोटातच जातं म्हणायचे.

‘रासायनिक नको, नैसर्गिक वापरतो’ म्हणणाऱ्यांनाही थोडं सांगायचंय, तुमच्या सहाव्या बाटलीच्या निमित्ताने. कडुनिंबाचं तेल फवारायला चांगलं, पण लहान मुलाला जंतांवर म्हणून चमचाभर पाजल्यामुळे झटके येऊन मेंदूला सूज आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दशपर्णी अर्कात, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्कात, कण्हेर आणि धोतरा असतो. कण्हेर हृदय बंद पाडते, ती सेंद्रिय आहे म्हणून दयामाया करत नाही. शिवाय अर्क आंबत राहतो, घट्ट बुचात वायू धरतो. तंबाखूचा काढा तर उघड्या हाताने ढवळायचाच नाही, निकोटिन कातडीतून आत जातं आणि मळमळ, घाम, गरगरणं सुरू होतं.

बागेला लागूनच आणखी एक बाटली असते तिचं नाव कोणी घेत नाही. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. एक जण ब्लिचिंग पावडर टाकतो, निघालं नाही म्हणून दुसरा वर न्हाणीघरातलं ॲसिड ओततो. त्यातून क्लोरीन सुटतो, खोकून खोकून माणूस पायरीवरच बसतो, आणि क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने तिथे बसणं तर सगळ्यात वाईट. तेच ब्लिचिंग युरियाच्या पोत्याशेजारी ठेवू नका. पायऱ्यांना नारळाच्या झाडूने घासणं आणि थोडा चुना पुरतो.

काही झालंच तर: अंगावर सांडलं तर कपडे तिथेच काढा आणि साबण लावून पंधरा-वीस मिनिटं पाणी. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ वाहतं पाणी. गुलाबपाणी नको, दूध नको. पोटात गेलं तर उलटी करवू नका. दूध-तूपही नको, काही विषं चरबीबरोबर अधिकच शोषली जातात. बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर. १०८ ला फोन, आणि बाटली किंवा तिचा फोटो सोबत. दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न ‘काय होतं’ हाच विचारतात, कारण सेंद्रिय फॉस्फरस (मोनोक्रोटोफॉस, मॅलाथिऑन यांच्या वर्गातलं) असेल तर ॲट्रोपिन हा उतारा चालतो, पॅराक्वाट असेल तर त्याचा उपयोग नाही, उलट गरज नसताना दिलेला ऑक्सिजनही फुप्फुसांना घातक. विषाबद्दल दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र फोनवर सल्ला देतं, १८०० ११६ ११७, पैसे पडत नाहीत. आणि एप्रिलमध्ये फवारून आल्यावर घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायू थरथरणं दिसलं तर ‘ऊन लागलं’ म्हणून लिंबूपाणी देत बसू नका.

आता जास्वंद. पिठ्या ढेकूण आलेली कोवळी शेंडी कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. बाकी फांद्यांवर नळीने जोरात पाणी मारा. राहिलेले स्पिरिटमध्ये कापूस बुडवून टिपा, चूल पेटलेली नसताना. एका लिटरला पाच मिली मऊ द्रव साबण घालून पानांच्या खालून फवारा, चार-पाच दिवसांनी पुन्हा. खोडावर मुंग्या चढताना दिसतात का बघा. चिकट गोडव्यासाठी त्याच ढेकणांना राखतात, त्यांना वाट बंद केली की अर्धं काम झालं. देवाला जास्वंदीची फुलं रोज तोडता असं तुम्ही लिहिलंय, सासूबाई त्यातलं एक कानामागेही खोवत असतील. म्हणजे त्या झाडावर फळीवरची कोणतीही बाटली चालणार नाही.

बिनलेबलाची ती कोल्ड्रिंकची बाटली आजच हलवा, बाकीच्या उद्या.